सहस्रशुंडाची तेरवी

१

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी सहस्रशुंडाला मारत असे.

वाशीमजवळच्या मालेगावच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो आणि उरलेल्या वेळात नागपूरच्या एका प्रकाशकासाठी ‘कॅप्टन दिगंत’ ही चित्रकथा काढायचो. प्रकाशकाचं नाव अमरसिंग. गोष्ट तोच सांगायचा, आणि ती दर महिन्याला तीच असायची. ताऱ्यांच्या पलीकडून, जिथे काळसुद्धा नाही अशा ठिकाणाहून सहस्रशुंड पृथ्वीवर उतरतो. त्याला तोंड नाही, डोळे नाहीत; एक मोठं मऊ धूड आणि त्यातून निघालेल्या सोंडा. तो शहरं गिळतो, कॅप्टन दिगंत अंगाला घट्ट बसलेल्या पोशाखात येतो आणि शेवटच्या पानावर त्याला संपवतो. मी त्याला जाळलं, गोठवलं, सूर्यात ढकललं, एकदा तर वीज सोडून त्याची राख केली. पुढच्या अंकात तो पुन्हा हजर. कसा परत आला, याचं कारण द्यावं का, असं मी एकदा विचारलं होतं. वाचकाला कारण लागत नाही मास्तर, सोंडा लागतात, असं अमरसिंगचं उत्तर होतं.

नावात सहस्र असलं तरी चौकटीत मावतील तेवढ्याच सोंडा मी काढायचो. आधी पेन्सिल, मग टाकाने काळी शाई, मग ब्रशने सावल्या. पानं वाळली की गुंडाळी करून पत्र्याच्या नळकांड्यात घालायची आणि सकाळच्या नागपूर गाडीच्या कंडक्टरच्या हवाली करायची. अंक छापून आला की बसस्टँडवरच्या दुकानात दोरीवर लटकायचा. शाळेतली पोरं मला पाहून हाताच्या सोंडा करायची, आणि त्याचा मला आतून अभिमान वाटायचा.

आम्ही धान्यबाजाराच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. पुढच्या खोलीवर टिनं होती आणि खिडकीखाली माझं टेबल. आतल्या खोलीत चूल, पाण्याचा रांजण आणि मनकर्णा, माझी बायको. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. तिला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा लेकरू राहिलं नाही. बाळंतपणासाठी माहेरी जायची वेळच तिच्यावर कधी आली नाही. तिच्यापुढे काय बोलावं हे मला सुचत नसे, म्हणून मी टेबलाशी बसून राहायचो. दुःख मलाही होतं, पण तिचं मोठं होतं आणि ते ती एकटीच सांभाळत होती.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात तिची आई गोजराबाई शेलूबाजाराहून आमच्याकडे राहायला आली. आता ह्या गोष्टीचा छडा लावल्याशिवाय मी जात नाही, असं तिने आल्या आल्या जाहीर करून टाकलं.

२

गोजराबाईने छडा लावायला कुणा जाणत्याला विचारलं. तो म्हणाला, ह्या घरात कुणीतरी मेलेलं आहे आणि त्याला पाणी मिळालेलं नाही. तो वाट अडवून बसला आहे. झालं. सासूबाईंनी माझी सात पिढ्यांची भावकी उलटीपालटी केली. ज्याचं त्याचं सगळं यथासांग झालेलं निघालं. एक चुलता तरुणपणी घर सोडून गेला होता, त्याच्यावर तिची बरीच भिस्त होती. पण तो हिंगोलीला ठणठणीत निघाला आणि आपली चौकशी कशासाठी चालली आहे हे कळल्यावर फार संतापला.

एका दुपारी मी शेवटच्या पानावर शाई भरत होतो. गोजराबाई पाण्याचा तांब्या ठेवायला आली आणि पानाकडे पाहत उभी राहिली. त्या महिन्यात दिगंतने सहस्रशुंडाला मधोमध चिरलं होतं.

“ह्याले काय झालं?” तिने विचारलं.

“मेला,” मी म्हणालो.

“मांगच्या महिन्यात?”

“तेव्हाही मेला.”

“कोठी मेला?”

मी हसून टेबलावर बोट ठेवलं. “इथंच.”

ती हसली नाही. पदराने हात पुसत बराच वेळ पाहत राहिली. “तुमच्या घरात दर महिन्याले एक जीव मरते जवाईबापू, अन् त्याले कोणी घोटभर पाणी देत नाई,” ती म्हणाली. “मंग तो वापस नाई येइन तं कोठी जाइन?”

मी हे देवमनला सांगितलं. देवमन शाळेत विज्ञान शिकवायचा आणि शेजारीच राहायचा. त्यांच्या घराने छप्पन साली बौद्ध धम्म घेतला तेव्हापासून पिंड, तेरवी, श्राद्ध सगळं बंद होतं, आणि आपला पुष्कळ वेळ आणि तांदूळ वाचला असं तो म्हणायचा. तो पोट धरून हसला. मीही हसलो. घरी येऊन पाहतो तर मनकर्णा माझ्या टेबलाशी उभी होती, जुने अंक एकावर एक लावून.

आजवर तिने माझी चित्रकथा उघडून पाहिली नव्हती. आज तिने शेवटची पानं तेवढी पाहिली होती. करून पाहू, ती म्हणाली. आपलं काय जाते?

तिने माझ्याकडे काही मागण्याची ती फार दिवसांतली पहिली वेळ होती. मी शिकलेला माणूस, कागदावरच्या शाईचं श्राद्ध करायचं म्हणजे मला हसू येत होतं. पण नाही म्हणवेना.

३

गोजराबाईचा भाऊ नानाजी म्हणजे क्रियाकर्मातला जाणकार माणूस. घर सोडून गेलेल्याचा पत्ता नसला, देह हाती आला नाही, तर आमच्याकडे पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. नानाजीने अशी पुष्कळ माणसं जाळली होती. त्याने माझ्या अंकाचं मुखपृष्ठ हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि गंभीरपणे कामाला लागला.

वय काय, हा त्याचा पहिला प्रश्न होता, कारण लहान लेकराला पिंड नसतो. मी सांगितलं, काळाच्या आधीपासून आहे. मंग मोठाच म्हना, नानाजी म्हणाला. दुसरा प्रश्न नात्याचा. गोत्र कुणाचं लावायचं? गोष्ट अमरसिंग सांगतो, पण आकार मी देतो, असं मी म्हणालो. नानाजीने क्षणभर विचार केला.

“आकार तुमी देल्ला तं बाप तुमीच,” तो म्हणाला. “घरचा लेक धरू.”

त्यात काय बिघडतं, असं मला वाटलं.

आकृती मलाच करावी लागली, कारण त्याचा आकार मलाच ठाऊक होता. पत्रावळी शिवतात तशी पानं काड्यांनी टाचत मी धूड केलं. मनकर्णा शेजारी बसून पानं वळून सोंडा करत होती. तिचा हात चांगला चालत होता. मी थांब म्हणालो तरी ती करतच राहिली. शेवटी पानं संपली तेव्हा थांबली. मग ती आत गेली आणि एक पांढरं फडकं घेऊन आली. मागच्या खेपेला तिने ते बाळासाठी शिवून ठेवलं होतं, हे मला माहीत होतं. तिने ते त्या पानांच्या धुडाभोवती गुंडाळलं आणि हमसून हमसून रडायला लागली. गोजराबाईही रडली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, कारण माझ्याने ते पाहवेना.

गावाबाहेर नाल्याच्या काठी आम्ही त्याला अग्नी दिला. ओली पानं असल्याने तडतड आवाज झाला, धूर मात्र फारसा झाला नाही. राख गोळा करायला मी वाकलो तर ती ओली होती. मुठीत धरली की बोटांच्या फटीतून पाणी गळत होतं. पानांतला रस, मी म्हणालो. नानाजीने राख केळीच्या पानात बांधली आणि हात धोतराला पुसले, दोनदा.

४

दहाव्या दिवशी पुन्हा नाल्यावर गेलो. उन्हाळ्याचे दिवस, नाला कोरडा पडला होता. वाळू आणि मधे एक डबकं, एवढंच. नानाजीने भाताचा पिंड पानावर ठेवला आणि आम्ही बाजूला सरलो. कावळे होते, बाभळीवर भरपूर बसले होते. पण एकही खाली येईना.

पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे मेलेल्याची इच्छा राहिली असं समजतात. मग घरच्यांनी ती ओळखून शब्द द्यायचा असतो. पोरीचं लग्न करून देऊ, म्हातारीला सांभाळू, असं काहीतरी. बरोबर ओळखलं की कावळा शिवतो. मी स्वतः माझ्या वडिलांच्या वेळी हे केलं होतं आणि तेव्हा ते मला खरं वाटलं होतं.

गोजराबाई म्हणाली, तुला दर वर्षी जेवू घालू. कावळे बसून राहिले. नानाजी म्हणाला, अक्षय्य तृतीयेला तुझ्या नावाने घागर भरू. काही नाही. सगळे माझ्याकडे पाहू लागले. बाप मी होतो. आता तुझं चित्र काढणार नाही, मी म्हणालो, तुला मारणार नाही. बोलताना मला माझीच लाज वाटत होती. कावळे मान वाकडी करून बघत होते.

तेव्हा मनकर्णा पुढे झाली. ती पिंडाजवळ जाऊन उभी राहिली आणि घरात कुणाशी बोलावं तशा आवाजात बोलली.

“माह्या पोटी ये,” ती म्हणाली. “मी तुले कोणाच्या हातानं मरू देनार नाई.”

सगळे कावळे एकदम उठले आणि उडून गेले. बाभूळ रिकामी झाली. एकाही कावळ्याचा आवाज नव्हता, आणि कावळे असे न ओरडता उडताना मी कधी पाहिले नव्हते.

आपल्याला भिऊन गेले असतील, आपण पाठ करून उभं राहू, असं नानाजी म्हणाला. आम्ही पाठ केली. मनकर्णा मात्र पिंडापाशीच उभी राहिली. मला एक आवाज ऐकू आला. ओलं लुगडं दगडावरून ओढत न्यावं तसा. तो कुठल्या बाजूने येतो हे मला ठरवता येईना, कारण तो सगळ्या बाजूंनी येत होता. मग थांबला.

वळून पाहिलं तर पिंड नव्हता, खालचं पानही नव्हतं. वाळूत ओल्या रेघा उमटल्या होत्या, हाताच्या मनगटाएवढ्या रुंद. चहूकडून त्या पिंडाच्या जागेपर्यंत येत होत्या. तिथून पुढे मनकर्णाच्या पायापर्यंत गेल्या होत्या आणि तिथे संपत होत्या. परत गेलेली रेघ एकही नव्हती.

“शिवला,” नानाजी म्हणाला, आणि आंघोळ न करताच घराकडे चालू लागला.

तेरवीला वरण-पोळी आणि वांग्याची भाजी केली. देवमन जेवायला आला. विधीला येणार नाही, पण जेवण हे जेवण आहे, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने नाल्यावरची हकीकत ऐकून घेतली आणि रेघा घोरपडीच्या असतील म्हणाला. मला ते पटलं, कारण दुसरं काही पटवून घ्यायची माझी तयारी नव्हती.

५

पावसाळा लागता लागता मनकर्णाला दिवस गेले. आणि ह्या वेळी लेकरू राहिलं.

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं. ती गुणगुणायची, मला वेळेवर चहा द्यायची, माझ्या फाटक्या बाह्या शिवायची. मी सुखात होतो, हे सांगितलं पाहिजे. पुढचं सगळं सांगताना ते विसरून चालणार नाही.

तिला पाणी फार लागायचं. सकाळी भरलेला रांजण दुपारपर्यंत रिकामा व्हायचा. ती घमेल्यात पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसायची आणि मी शाळेतून आलो की आतल्या खोलीची जमीन ओली असायची, भिंतीसुद्धा, हात पुरेल त्याच्यापेक्षा वरपर्यंत. पावसाळ्यात भिंती ओल धरतातच, मी म्हणायचो. पण पुढच्या खोलीच्या भिंती कोरड्या होत्या.

देवमनची बायको पंचफुला सरकारी दवाखान्यात नर्स होती. मनकर्णाला ती दर महिन्याला तपासून जायची. सातव्या महिन्यात तिने पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, जुळं असावं, एकाच वेळी सगळीकडून हलून राह्यलं. मग वाशीमला नेऊन डॉक्टरांना दाखवलं. ठोके एकाच लेकराचे आहेत, डॉक्टर म्हणाले. परतीच्या गाडीत पंचफुला खिडकीबाहेर पाहत होती. एकच हाये तं मंग ते बाकीचं काय हाये मास्तर, असं तिने मला हळूच विचारलं, आणि मी ते ऐकू न आल्यासारखं केलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. आठवा लागला तशी गोजराबाई लेकीला न्यायला आली. तिने एक दुपार आतल्या खोलीत लेकीजवळ काढली. मी टेबलाशी होतो. आत दोघींचं बोलणं चाललं होतं आणि मधेच गोजराबाईचं बोलणं थांबलं. थोड्या वेळाने ती पिशवी घेऊन बाहेर आली. तिचा पदर आणि दोन्ही बाह्या ओल्या होत्या.

“इथंच होऊ द्या,” ती म्हणाली. “आमच्या घरी पाणी कमी हाये.”

एवढ्या हौसेने छडा लावायला आलेली बाई लेकीला न घेता बसस्टँडकडे निघून गेली. मनकर्णाला वाईट वाटलं नाही. आई भिते, ती मला म्हणाली, आणि घमेल्यातल्या पाण्यात पाय हलवत राहिली.

६

इकडे माझं काम बंद पडलं होतं. दिलेला शब्द पाळायचा म्हणून नव्हे. मी तो केव्हाच मोडायला बसलो होतो. सहस्रशुंड मला काढताच येईना. दिगंत यायचा, शहर यायचं, पळणारी माणसं यायची. मधल्या जागेत पेन्सिल टेकवली की हात नुसता थांबून राहायचा. इतकी वर्षं डोळे मिटून काढलेला आकार कुठे गेला ते कळेना. तो कागदावरून उठून गेल्यासारखं वाटायचं.

अमरसिंगने काही महिने वाट पाहिली आणि मग एक अंक नागपूरच्या दुसऱ्या कुणाकडून काढून घेतला. अंक मालेगावला आला त्या सकाळी मी तो दुकानात उभा राहून पाहिला. काम सामान्य होतं. सहस्रशुंड उलट्या टांगलेल्या फुलकोबीसारखा दिसत होता. पण त्यात दिगंत कुऱ्हाडीने त्याची एक सोंड तोडतो, अशी चौकट होती. मी अंक घेऊन घरी आलो तर पंचफुला आमच्या दारात होती. मनकर्णाला सकाळपासून कळा येत होत्या आणि रक्त गेलं होतं. दुपारी ते थांबलं. योगायोग, मी स्वतःला सांगितलं, आणि तो योगायोगच असेल. तरी मी परत जाऊन दुकानातले सगळे अंक विकत घेतले. घरी आणून चुलीत घालणार होतो, पण ते जाळणं बरं वाटेना. शेवटी पेटीत ठेवून दिले.

पुढच्या महिन्यात अमरसिंग स्वतः आला, संत्र्यांची पिशवी घेऊन. वाचकांनी तो अंक नाकारला होता. त्याला आता ही मालिका बंद करायची होती, पण वाजतगाजत. ‘सहस्रशुंडाचा अंत’. दिगंत त्याला असा मारणार की पुन्हा परत येणं नाही.

“शेवट तुमच्याच हातचा पाहिजे मास्तर,” तो म्हणाला. “नाही म्हणाल तर दुसऱ्याकडून करून घेईन. पण अंत तर करणारच.”

त्याच वेळी आतल्या खोलीतून आवाज आला. भिंतीवरून काहीतरी ओलं सरकत खाली यावं तसा, आणि मग मनकर्णाचं हसणं. अमरसिंगने दाराच्या पडद्याकडे पाहिलं. त्याच्या बशीतला चहा तसाच राहिला. तो गेल्यावर मी पडदा सारला तर मनकर्णा खाटेवर एकटी झोपली होती.

मी काम घेतलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हाती ते जाऊ नये, एवढाच माझा विचार होता.

७

मनकर्णा बाळंत झाली ती भर दुपारी. पंचफुलाने मला बाहेर काढलं आणि दार लावलं. मी टेबलाशी बसलो. टिनं तापली होती. आतून मनकर्णाचा आवाज येत होता, मग तोही थांबला. मी तीनदा ह्या जागी असाच बसलो होतो आणि तिन्ही वेळा आतून आलेली शांतता मला ओळखीची होती. ही तशी नव्हती. ह्या शांततेत काहीतरी हलत होतं.

मग लेकरू रडलं. साध्या लेकरासारखं रडलं. मी टेबलावर डोकं टेकून रडलो.

पंचफुला बाहेर आली आणि मोरीत हात धुवायला बसली. कोपरापर्यंत धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. तिच्या दंडावर लालसर वळ होते.

“पोरगा हाये,” ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. “दोन हात, दोन पाय. मी नीट पाह्यलं.”

“आणि मनकर्णा?”

“ती मजेत हाये. तिच्याइतकं मजेत मी कोणाले पाह्यलं नाई.” तिने हात पुसले. “तुमी त्याले उजेडात पाहत जा मास्तर. अंधारात नका पाहू.”

मी आत गेलो. मनकर्णाने फडकं बाजूला करून दाखवलं. सावळं, केसाळ डोक्याचं, मुठी आवळलेलं पोर होतं. इतर कुठल्याही पोरासारखं. मी वाकून त्याच्या कपाळाचा वास घेतला. पहिला पाऊस पडून गेलेल्या विहिरीचा येतो तसा वास होता. त्याच वेळी माझ्या सदऱ्याची मागची बाजू कुणीतरी हळूच ओढली. मनकर्णाचे दोन्ही हात पोराखाली होते आणि माझ्या मागे भिंत होती.

“तुमाले ओयखते तो,” ती म्हणाली.

८

अंक द्यायचा दिवस जवळ आला. मी शेवटच्या पानाला बसलो. दुपारची वेळ होती, पाठीमागच्या उघड्या दारातून ऊन थेट कागदावर पडत होतं. मनकर्णाने लेकरू आणून माझ्या मांडीवर ठेवलं. धरा जरा, मले दूध तापवाचं हाये, असं म्हणून ती चुलीकडे गेली.

पोर झोपलं होतं. त्याच्या दोन्ही मुठी मला फडक्यावर स्पष्ट दिसत होत्या. मी पेन्सिल घेतली आणि माझ्या डाव्या मनगटाभोवती काहीतरी वळलं. गार, मऊ, किंचित ओलं. मग पोटरीला. मग मानेवर, केसांच्या खाली. कुठेच जोर नव्हता. मी खाली पाहिलं नाही. पंचफुलाने उजेडात पाहा म्हटलं होतं, पण तेवढं धैर्य माझ्याजवळ नव्हतं, म्हणून मी समोरच्या कागदाकडे पाहत राहिलो.

कागदावर माझी सावली पडली होती. डोकं, खांदे. आणि त्यांच्या मागून, वरून, दोन्ही अंगांनी आणखी सावल्या आल्या होत्या, हळूहळू डोलत होत्या. पानाच्या कडेपर्यंत त्या दिसत होत्या. कडेच्या पलीकडे कुठवर गेल्या होत्या ते मला ठाऊक नाही.

इतके महिने न आलेला आकार त्या दिवशी झरझर आला. मला फक्त सावलीवरून रेघ फिरवायची होती. माझ्या आयुष्यात मी एवढं चांगलं चित्र काढलेलं नाही. चौकटींमागून चौकटी झाल्या आणि शेवटची उरली. दिगंत उंचावर उभा, दोन्ही हातांत भाला, खाली सहस्रशुंड. अमरसिंगने सांगितल्याप्रमाणे भाला धुडाच्या मध्यात घुसायचा होता. मी पेन्सिलीने भाला काढला आणि टाक शाईत बुडवला.

मनगटावरची पकड थरथरायला लागली.

मग मानेवरची. मग सगळ्याच. जोर आता आला होता, पण तो आवळण्याचा नव्हता. लेकरू भ्यालं की कसं बिलगतं हे मला दुसऱ्यांच्या पोरांवरून माहीत होतं. तो मला भीत होता. आजवर प्रत्येक वेळी त्याला मीच मारलं होतं, ह्याच टेबलावर, ह्याच हाताने, आणि हे त्याला माहीत होतं. तरी पळून जायला त्याच्याजवळ दुसरी जागा नव्हती, म्हणून तो मलाच धरून होता.

माझा ऊर भरून आला. मी खरंच सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. असं माझ्या आधाराने आजवर कुणी राहिलं नव्हतं.

मी टाक ठेवला आणि रबराने भाला खोडला. मग दिगंतच्या कमरेभोवती एक सोंड काढली. दुसरी छातीभोवती, तिसरी गळ्याभोवती. त्याला मी सहा वर्षं काढत होतो, त्याच्या हनुवटीवरची खळीसुद्धा माझी होती. मी त्याचं तोंड उघडं काढलं, डोळे पांढरे केले आणि सगळ्यावर शाई फिरवली. शेवटी ब्रशने सावल्या भरल्या.

पकडी एकेक करून सैल होत गेल्या. मान मोकळी झाली, पाय मोकळा झाला. मनगटावरची सगळ्यात शेवटी सुटली. कागदावर आता माझी एकट्याची सावली होती आणि मांडीवरचं पोर तोंड उघडं टाकून गाढ झोपलं होतं.

मनकर्णा दुधाची वाटी घेऊन आली. तिने खांद्यावरून वाकून पान पाहिलं, शेवटच्या चौकटीपर्यंत नीट पाहिलं. मग एका हाताने माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि पोराला उचलून घेतलं.

“वाळू द्या चांगलं,” ती म्हणाली. “सकाळच्या गाडीनं पाठवा.”